आमिष जिवंत परत आणायची अट

वेकाली तळ्यावर खोटं बोलायला कुणी शिकवावं लागत नाही. पोर चालायला लागलं की हातात गळ घेतं, आणि गळ हातात आला की जीभ आपोआप लांब होते. मी त्याला अपवाद. माझ्या माशांची वजनं मी कायम खरीच सांगत आलो. मासेच तेवढे मोठे निघतात, त्याला मी काय करणार?

ही हकिगत मी बायकोसमोरच सांगत आलोय, आणि ती दर वेळी एवढंच म्हणते, "मासा एवढा नव्हता." बाकी कशालाच आयडेलाची हरकत नसते. त्यावरून काय ते समजा.

त्या काळी मी गावात संत्र्यांच्या शेडमध्ये पेट्यांना खिळे ठोकायचो. आठवडाभर पेट्या आणि शनिवार आला की तळं. माझा चुलतभाऊ हर्शेल याची एक होडी होती. होडी म्हणजे तीन फळ्या आणि बाकी डांबर. तो वल्ही मारायचा, मी मासे पकडायचो, आणि सोमवारी तो माझ्या माशांबद्दल मला न शोभेल इतकं खरं बोलायचा.

तळ्याच्या काठावर लेम्युएल क्रम यांचं आमिषाचं दुकान होतं. मिस्टर लेम्युएल म्हणजे बगळ्याच्या वंशातले. लांब मान, लांब पाय, आणि एकदा एखाद्या गोष्टीकडे बघायला लागले की पापणी लवायची नाही. त्यांच्या दुकानात गांडुळं होती, नाकतोडे होते, बर्फात ठेवलेल्या सोड्याच्या बाटल्याही होत्या. पण ते सगळं गिऱ्हाइकाचं मन राखायला. खरा माल एकच, तळ्यातले रानटी शायनर. वीतभर लांबीची, सोन्याचा मुलामा दिल्यासारखी मासळी. आमच्याकडचा बास मासा मगरीला घाबरत नाही, वादळाला घाबरत नाही, पण शायनर समोरून लचकत गेला की त्याचा संयम सुटतो. बाजारात रबराचे किडे आणि पत्र्याचे मासे येऊन बरीच वर्षं झाली होती. मिस्टर लेम्युएल ते दुकानात ठेवत नसत.

"बासला रबराचा किडा दाखवायचा," ते म्हणायचे, "म्हणजे भुकेल्याच्या ताटात मेणाचं सफरचंद ठेवायचं. एकदा फसेल. दुसऱ्यांदा तुझ्या तोंडावर शेपटी मारून जाईल."

पण शायनर ही जात मोठी नाजूक. पाणी तापलं की मेली, गर्दी झाली की मेली, कोरड्या हातानं धरली तर अंगावरचा चिकटा निघतो आणि तासाभरात मेली. म्हणून मिस्टर लेम्युएल माणसाची परीक्षा एकाच गोष्टीवरून करत. दुपारी होडी परत आली की ते त्या माणसाकडे बघायचे नाहीत, त्यानं पकडलेल्या माशांकडेही बघायचे नाहीत. त्याच्या बादलीत वाकून बघायचे. उरलेले शायनर पोहत असले तर त्याला राम राम, नाहीतर पाठ.

हे शायनर धरायचं काम आयडेलाचं. ती त्यांची एकुलती एक मुलगी. रोज उजाडताना ती धक्क्याच्या टोकाला जायची, एक जुनी पत्र्याची बादली उलटी धरायची आणि लाकडी डावानं तिच्या बुडावर वाजवायची. दोनदा जवळजवळ, मग जरा थांबून एकदा. ठण ठण... ठण. मग भिजवलेले ओट आणि शिळ्या पावाचा चुरा पाण्यात टाकायचा. पहिले काही महिने ठोका आधी आणि चारा नंतर असं होतं. पुढं पुढं नुसता ठोका पडला तरी पाणी सोनेरी व्हायचं. सगळे शायनर वर. मग बांबूची बारीक काठी, मुंगीएवढा गळ, त्याला वाटाण्याएवढी कणकेची गोळी, आणि एकेक मासळी ओल्या हातानं उचलून टाकीत.

मी हे सगळं बघितलंय, कारण मी दर शनिवारी उजाडायच्या आधी तिथं पोचायचो. हर्शेल म्हणायचा, "तू मासे पकडायला येतोस की विकत घ्यायला?" मी म्हणायचो, आमिष ताजं हवं. तो म्हणायचा, "आमिष ताजंच आहे रे. तूच गळाला लागलायस."

शेवटी एका शनिवारी मी ठरवलं की आज विचारायचंच. नवा शर्ट घातला. नवी कोरी बादली घेतली. आणि छाप पडावी म्हणून बादलीत शेडच्या नळाचं पाणी भरून नेलं. तळ्याचं पाणी चहासारखं तांबूस असतं, आणि हे कसं काचेसारखं. मला वाटलं, मिस्टर लेम्युएल बघतील आणि म्हणतील, वा, मुलगा नीटनेटका आहे.

आयडेलानं डझनभर शायनर मोजून माझ्या बादलीत सोडले. ती पाण्याकडे बघून काहीतरी बोलणार होती, पण मी तिच्याकडे असा काही बघत होतो की तिलाही विसर पडला. हर्शेल होडीची दोरी सोडेपर्यंत बारा शायनर पोट वर करून तरंगत होते.

शहाणा माणूस तिथून गुपचूप घरी गेला असता. मी ती बादली घेऊन परत दुकानात गेलो. विचारायचं म्हणजे विचारायचं.

"मिस्टर लेम्युएल, सर, मला तुम्हाला एक विचारायचंय."

त्यांनी मान लांब करून बादलीत बघितलं. "हे विचारायचंय?"

"नाही सर. आयडेलाबद्दल विचारायचंय."

"पाणी कुठलं?"

"शेडच्या नळाचं, सर. एकदम स्वच्छ."

"स्वच्छ तर आहेच," ते म्हणाले. "इतकं स्वच्छ की त्यात काही जगत नाही. गावातले लोक त्यात औषध घालतात. माणसं ते पितात आणि अशी निघतात." त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "पोरा, तुझ्या बादलीत शायनर पाच मिनिटं टिकत नाही. तुझ्या घरात माझी मुलगी म्हातारी कशी होणार?"

टाक्यांच्या मागून आवाज आला. "डॅडी, तुम्हीपण एकदा नळाचं पाणी घातलं होतं. मम्मा सांगायची."

"तू टाकीतला पाला काढ."

"पाला काढून झाला. टाकीभर मेले होते म्हणे."

"मग परत काढ," मिस्टर लेम्युएल म्हणाले. पण त्यांच्या मानेत जरासा बाक आला. त्यांनी थेट नाही म्हटलं नाही. ते त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते उठले, मोठ्या टाकीपाशी गेले, बाही वर केली, हात ओला केला आणि एक मासळी बाहेर काढली. शायनर मादी, चांगली हातभर... आयडेला इथं खोकते. बरं, पंजाएवढी. तिच्या शेपटीचा वरचा कोपरा कासवानं तोडलेला होता, अगदी कात्रीनं कापल्यासारखा.

"उद्या रविवार," ते म्हणाले. "चर्चमागच्या खाडीत बाप्तिस्मा आहे, आणि मग मैदानावर जेवण. माझ्या टेबलावर आयडेलाच्या शेजारी एक खुर्ची रिकामी आहे. डेल्मर प्रिचर्डला मी जेवायला बोलावलंय."

डेल्मर प्रिचर्ड म्हणजे गावात होड्या विकणारा. त्याच्या स्वतःच्या होडीला चमकीचा रंग होता आणि दातांना त्याहून जास्त चमक.

"जेवण वाढायच्या आत तू पाद्रीबुवाला पकडून आण. या मासळीवर. मग खुर्ची तुझी, आणि पुढचं जे काय विचारायचंय ते विचार."

"आणतो, सर."

"थांब. पुरतं ऐक. आणि ही मासळी मला जिवंत परत पाहिजे. हीच शेपटी, हाच तुटका कोपरा. दुसरी आणून फसवायचं नाही."

दारात हर्शेल उभा होता. त्याला राहवलं नाही. "मिस्टर लेम, आमिष परत? हे म्हणजे कोंबडी शिजवून खायची आणि वर तिच्याकडं अंडं मागायचं."

"तेच," मिस्टर लेम्युएल म्हणाले आणि गल्ल्यामागं जाऊन बसले.

पाद्रीबुवा कोण ते सांगायला हवं. चर्चमागं तळ्याचा जो फाटा आत शिरलाय त्या खाडीत जलपर्णीचा एक जाड थर होता, इतका जाड की त्यावर बदकं घरटी करत. त्याखाली एक बास राहायचा. जुना, प्रचंड, काळपट. खाडीत बाप्तिस्मा असला की तो थराखालून बाहेर येऊन हातभर अंतरावर उभा राहायचा आणि सगळा विधी संपेपर्यंत हलायचा नाही. कुणाला पाण्यात बुडवलं की त्याच्याही अंगावर लाट जायची. त्या हिशेबानं अख्ख्या मंडळीत सगळ्यात जास्त वेळा बाप्तिस्मा त्याचाच झाला होता. त्याच्या तोंडातून आजवर एकही आमिष परत आलेलं नव्हतं. दोन काठ्याही गेल्या होत्या.

मी बादलीतले मेलेले बारा जण धक्क्यावरच्या बगळ्याला दिले आणि तसाच उभा राहिलो. आयडेला बाहेर आली. तिच्या हातात तिची जुनी पत्र्याची बादली होती, तळ्याच्या पाण्यानं अर्धी भरलेली, आणि आत ती तुटक्या शेपटीची.

"तुझी ती चकचकीत बादली फेकून दे," ती म्हणाली. "ही ने. हिचं नाव पर्ल. तीन वर्षं माझ्या ठोक्याला वर येतेय आणि तीन वर्षं माझा गळ चुकवून नुसती कणीक खाऊन जातेय. काल पहिल्यांदा सापडली, तीही झोपेत असणार."

"तिला गळाला लावायचं?"

"मग काय चर्चला न्यायचं? ओठाला लाव, अगदी कडेला. हात ओले कर. पाणी दर तासाला थोडं थोडं बदल, सगळं एकदम नाही. वर ओलं शेवाळ टाकून ठेव." मग तिनं आवाज खाली केला. "आणि ऑरिन, डेल्मर प्रिचर्ड जेवताना होड्यांच्या किमती सांगतो. दर घासाला एक. तू वेळेवर ये."

मला नवरा म्हणून पसंत केल्याचं यापेक्षा स्पष्ट तिनं आजतागायत सांगितलेलं नाही.

रात्रभर मी पर्लचं पाणी पेल्यानं बदलत बसलो एवढंच सांगतो. सकाळी ती माझ्यापेक्षा ताजीतवानी होती.

रविवारी उजाडल्यावर आम्ही खाडीच्या लांबच्या टोकाला, जलपर्णीच्या कडेला होडी लावली. रविवारी मासेमारी म्हणजे पाप, त्यातून चर्चच्या मागे म्हणजे दुप्पट. हर्शेल म्हणाला, "मी पाप करत नाहीये. मी फक्त वल्ही मारतोय." मी हात ओले केले, पर्लच्या ओठाच्या कडेला गळ अडकवला, तीन हातांवर दोरीला तरंगतं बूच बांधलं आणि तिला हळूच पाण्यात सोडलं. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं. हर्शेल म्हणतो माशाला तसं बघता येत नाही. मी म्हणतो, त्यानं कधी माशावर लग्न पणाला लावलेलं नाही.

पर्ल जलपर्णीखाली शिरली. बूच थराच्या कडेला उभं राहिलं. चर्चमध्ये गाणी सुरू झाली, संपली, प्रवचन सुरू झालं. आमचे दोन पायांचे पाद्री ब्रदर टालमेज, त्यांचं प्रवचन म्हणजे भात शिजायला ठेवून शेतावर जाऊन यावं असं. ऊन चढलं. मैदानावर टेबलं लागल्याची खडखड ऐकू आली, मग तळलेल्या कोंबडीचा वास आला. मग पांढऱ्या झग्यातली मंडळी रांगेनं पाण्याकडं यायला लागली.

आणि बूच थरथरलं.

जिवंत आमिषाची हीच मजा. रबराचा किडा तुम्हाला काही सांगत नाही. शायनर सांगतो. बास जवळ आला की तो भीतीनं इकडेतिकडे धावतो आणि वर बूच नाचायला लागतं. बूच नाचलं, मग गोल फिरलं, मग एकदम स्तब्ध झालं. आणि मग बूच राहिलंच नाही. पाण्याला एक भोक पडलं, बस.

"ढील दे," हर्शेल कुजबुजला. "गिळू दे."

"गिळली तर लग्न गेलं."

"नाही गिळली तर मासा गेला. मासा गेला तरी लग्न गेलंच."

"मग काय करू?"

"डेल्मरकडून होडी विकत घे."

मी डोळे मिटले आणि काठी ओढली. गिळायच्या आधीच, नुसतं तोंडात धरलंय तोवर. गळ पाद्रीबुवाच्या जबड्याच्या कोपऱ्यात बसला. मला ते कळलं, कारण पुढच्या क्षणाला आमची होडी चालायला लागली. हर्शेलनं वल्ही आत घेतली होती.

त्या माशानं आम्हाला आधी खाडीच्या तोंडापर्यंत नेलं, मग सायप्रसच्या झाडांमधून, मग एका मगरीच्या अंगावरून. तिथं हर्शेलची टोपी गेली. ती पुढं कित्येक वर्षं त्या मगरीच्या डोक्यावर दिसायची, आणि हर्शेलपेक्षा तिला जास्त शोभायची. होडीमागं इतकी मोठी लाट उठत होती की त्यातून दुसऱ्या मासेमारांना मासे आयते होडीत मिळाले. मी काठी पोटाशी धरून बसलो होतो. काठीचा असा कमानीसारखा वाक झाला होता की तिचं टोक माझ्या बुटाला लागत होतं.

"सोड," हर्शेल म्हणाला.

"नाही."

"मग मला सोड. कुठं तरी थांबव त्याला, मी उतरतो."

तेवढ्यात मासा वळला आणि सरळ बाप्तिस्म्याच्या दिशेनं निघाला. मला आधी कळेना का. मग लक्षात आलं. गाणं सुरू झालं होतं. इतक्या वर्षांची सवय. गळ लागला म्हणून काय झालं, त्याची वेळ झाली होती.

पाण्यात कमरेएवढ्यावर ब्रदर टालमेज उभे होते आणि त्यांनी मिसेस ऑफिलिया टेट यांना नुकतंच पाण्याखाली घेतलं होतं. मिसेस टेट भरभक्कम बाई, त्यांना धरायला दोन माणसं लागायची. ब्रदर टालमेज यांनी मान वर केली, वल्ह्याशिवाय येणारी होडी पाहिली आणि हातातलं काम विसरले. मिसेस टेट शेवटी आपल्या आपणच उठल्या. इतका दमदार बाप्तिस्मा मंडळीत आजवर कुणाचा झालेला नाही, असं त्या स्वतः सांगत.

पाद्रीबुवा नेहमीच्या जागी आला आणि उभा राहिला. शांत. जणू आम्ही त्याच्या सोबतीला आलो होतो. हर्शेलनं हातजाळं टाकलं, त्यात नुसतं डोकं मावलं. मग मी पाण्यात उडी मारली, ब्रदर टालमेज यांनी पोटाखालून हात घातला, ते म्हणाले "हा तर जुना सभासद," आणि आम्ही तिघांनी मिळून तो काठावरच्या उथळ पाण्यात आणला.

सगळी मंडळी धावली. कुणीतरी गाडीतून वजनकाटा आणला. आयडेला म्हणते मासा बारा पौंडांचा होता. काटा बारावर थांबला हे खरं आहे. त्याच्यापुढं आकडेच नव्हते.

मिस्टर लेम्युएल रविवारच्या काळ्या सुटात पायऱ्या उतरून आले. त्यांनी माशाकडे बघितलं नाही. माझ्याकडेही नाही. होडीत ठेवलेल्या बादलीकडे बघितलं.

बादलीत पाणी होतं. बाकी काही नव्हतं.

"माझी शायनर?" ते म्हणाले.

मी वाकून माशाच्या तोंडात बघितलं. गळ जबड्याच्या कोपऱ्यात होता, रिकामा. आत नुसता काळोख. ती ओढाओढीत सुटून आत गेली होती. मी बोट घालून चाचपलं, पाद्रीबुवानं ते चावलं, बस.

"सर, ती... ती आत आहे."

"मग गेली," मिस्टर लेम्युएल म्हणाले. ते रागानं म्हणाले नाहीत. खरं तर त्यांनाच वाईट वाटल्यासारखं दिसलं. "पोरा, मासा मोठा आणलास. पण मासा कुणीही आणेल. मी तुला मासा मागितला नव्हता."

वर मैदानावर डेल्मर प्रिचर्डनं आयडेलाच्या शेजारची खुर्ची मागं ओढली आणि बसला. लाकडावर खुर्ची घासल्याचा आवाज मला खाली ऐकू आला.

मग मला ती बादली आठवली. मी पाणी ओतून टाकलं, ती उलटी केली आणि हाताच्या मुठीनं बडवायला लागलो. ठण ठण ठण ठण. काही झालं नाही. म्हणजे, एक कासव वर आलं, बघून गेलं. मिसेस टेट म्हणाल्या, "याला ऊन लागलंय. याला सावलीत न्या."

"तू असं वाजवलंस तर मीसुद्धा येणार नाही," कुणीतरी म्हणालं.

आयडेला होती. गाणाऱ्या मंडळीतला पांढरा झगा तिच्या अंगावर होता, एका हातानं तो गुडघ्यापर्यंत धरलेला, आणि दुसऱ्या हातात बटाट्याच्या सॅलडमधला लाकडी डाव. त्याला अजून बटाटा चिकटलेला होता. ती सरळ पाण्यात आली. माझ्या हातातून बादली घेतली, माशाच्या तोंडासमोर गुडघे टेकले, बादलीचं बूड वर केलं आणि वाजवलं.

दोनदा जवळजवळ. मग जरा थांबून एकदा.

पाद्रीबुवाचे कल्ले एकदा उघडले, मिटले. त्यानं एकदा आवंढा गिळला, पण उलट्या दिशेनं. परत तिनं वाजवलं. त्याचं ते दगडी तोंड हळूहळू उघडलं, आणि खालच्या ओठावर एक सोनेरी नाक आलं. मग डोळे. पर्लनं इकडे बघितलं, तिकडे बघितलं. चारा कुठाय, असंच तोंड होतं. आयडेलानं बादली सुलटी करून पाण्यात बुडवली, पर्लनं अंग आक्रसून उडी घेतली आणि बादलीत पडली. तिची चारदोन खवलं गेली होती. शेपटीचा कोपरा तुटकाच होता.

आयडेलानं डावाला चिकटलेला बटाटा बोटानं काढून तिला घातला. पर्लनं खाल्ला.

ब्रदर टालमेज म्हणाले, "मंडळी, आज दुपारी माझं दुसरं प्रवचन होतं. ते मी आता करत नाही." सगळ्यांनी मनापासून आमेन म्हटलं.

मिस्टर लेम्युएल यांनी हॅट काढली. बादलीत वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. मान हळूहळू वर आली ती मुलीकडे.

"बादली तू वाजवलीस."

"हो डॅडी."

"अट मी याला घातली होती."

"तुम्ही म्हणालात जिवंत परत पाहिजे. हाक कुणी मारायची ते तुम्ही म्हणाला नव्हतात."

"रात्रभर हिचं पाणी कुणी बदललं?"

"मी, सर," मी म्हणालो.

"कसलं पाणी?"

"तळ्याचं, सर. चहासारखं."

मिस्टर लेम्युएल यांनी ओला हात सुटाच्या पँटला पुसला. ती पँट ते फक्त रविवारी घालत. "एकानं जगवायची आणि एकानं हाक मारायची," ते म्हणाले, स्वतःशीच. "तुझी मम्मा असती तर म्हणाली असती, याहून जास्त काय असतं?" मग ते पायऱ्या चढून गेले आणि वरून त्यांचा आवाज आला. "डेल्मर, बाळ, ऊठ तिथनं. तुला दुसरी खुर्ची आणतो. ही ओली होणार आहे."

मी आणि आयडेला पाण्यातून वर आलो तेव्हा आमच्या कपड्यांतून इतकं पाणी निथळत होतं की टेबलाखाली बदकं जमली. बादली आम्ही दोघांच्या मध्ये ठेवली. हर्शेल टोपीशिवाय समोर बसला आणि त्या दिवशी पहिल्यांदा, आयुष्यात एकदाच, त्यानं माशाचं वजन माझ्यापेक्षा जास्त सांगितलं.

पाद्रीबुवाला आम्ही जेवणाआधीच सोडलं. मिस्टर लेम्युएल यांचंच म्हणणं, ज्यानं माझी शायनर परत दिली त्याला तळायचं नाही. तो वळला, एकदा शेपूट हलवली, आणि शेवटचा बाप्तिस्मा राहिला होता तो होईपर्यंत तिथंच उभा राहिला. मग गेला.

पर्ललाही आयडेलानं दुसऱ्या दिवशी धक्क्यावरून सोडून दिलं. लग्नानंतर मी शेड सोडून दुकानात आलो, आणि रोज पहाटे आयडेला बादली वाजवायची तेव्हा मी चाऱ्याचं पातेलं धरून शेजारी उभा असायचो. ठण ठण... ठण. पाणी सोनेरी व्हायचं, आणि सगळ्यांच्या पुढं तुटक्या शेपटीची पर्ल. आणि तिच्यामागं, काही हात अंतर ठेवून, पाण्याखाली एक भली मोठी काळी सावली यायची आणि थांबायची. शायनर घाबरायचे नाहीत. पर्ल खायची, सावली बघत राहायची. पुढं यायची नाही, तोंड उघडायची नाही.

एकदा मी मिस्टर लेम्युएल यांना हे दाखवलं. म्हटलं, डॅडी, याचा अर्थ काय लावायचा? बास आणि शायनरला खात नाही?

त्यांनी बराच वेळ मान लांब करून पाण्यात बघितलं.

"त्यालाही कुणीतरी अट घातली असेल," ते म्हणाले, आणि चाऱ्यातली एक मूठ उचलून थोडी लांब, त्या सावलीच्या बाजूला टाकली.